बिनकोंबड्याचा फोन

आमच्या घरात मिस कॉलला भोंगा म्हणतात. वडील गिरणीत होते. सोलापूरच्या गिरण्या चालू होत्या तोवर आमचं उठणं, जेवणं, शाळेला पळणं, सगळं भोंग्यावर चालायचं. गिरण्या बंद पडल्या, वडील गेले, पण भोंगा आईच्या तोंडात राहिला. तिच्या हातात बटणांचा फोन आला तेव्हा एक रिंग देऊन कट करण्याला ती आपसूक भोंगा म्हणायला लागली. मग मीही तेच म्हणू लागले.

आई सोलापूरजवळ कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत दोन खोल्यांत एकटी राहते. आयुष्यभर विड्या वळून तिनं ते घर मिळवलं आहे. मी शहरात राहते, सरकारी कचेरीत कारकून आहे. लग्न केलं नाही, भावंडं नाहीत, त्यामुळे आम्ही दोघी एकत्र का राहत नाही असं लोक विचारतातच. राहून पाहिलंय. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि त्यातली जास्त धारदार कोणती हे अजून ठरायचं आहे. तिला माझ्या फ्लॅटमध्ये कोंडल्यासारखं होतं, आणि मी घासलेली भांडी तिनं पुन्हा घासलेली मला खपत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी तिची साखर उतरली. सकाळी इन्सुलिनची सुई टोचून घेतली आणि खायचं सोडून अंगण झाडायला गेली. शेजारणीनं पाहिलं तेव्हा ती केरसुणी हातात धरून उंबऱ्यात आडवी पडली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा मी नियम घालून दिला. सात वाजता सुई, सुई झाली की मला भोंगा, आणि भोंगा दिला की ताबडतोब भाकरी. तिनंही तो असा धरला की भोंगा झाल्याशिवाय ती घास तोंडात घालत नाही. सव्वासातपर्यंत भोंगा आला नाही की मी स्कूटर काढते. अनेकदा काढलीय. बहुतेक वेळा फोन पिठाच्या डब्यावर आणि आई दारात कुणाशी तरी बोलत उभी असायची. मग आम्ही भांडायचो, आणि भांडून झालं की ती मला जेवू घालायची.

दुसरा नियम त्यानंतरचा. मागच्या हिवाळ्यात तिला एका माणसाचा फोन आला. तुमची पेन्शन बंद होतेय, आत्ता फोनवर आकडा येईल तो सांगा, असं तो म्हणाला. आईला वाचता येत नाही. ती फोन घेऊन कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत गेली आणि तिथल्या बाईंना म्हणाली, जरा हा आकडा वाचून द्या. त्या गिरणीवाल्या बाई हुशार. त्यांनी फोन काढून घेऊन बंदच केला. वाचलो. पण मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. कचेरीतून तशीच कुंभारी गाठली आणि तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून तासभर तोंड सोडलं. मला राग आला की मी काय बोलते ते माझं मलाच कळत नाही. त्याच दिवशी तिच्या फोनमध्ये माझ्या नंबराला मी वेगळी रिंग लावली, कोंबडा आरवल्याची. बाकी सगळ्यांची साधी ट्रिंग ट्रिंग. कोंबडा आरवला तरच उचलायचा, नाहीतर फोनला हात लावायचा नाही, असं तिला बजावलं. आईनं ते तंतोतंत पाळलं. तिची भाची तीन महिने फोन लावून दमली आणि शेवटी एसटी पकडून भेटायला आली.

यंदा आमच्या बुद्धविहारातल्या मंडळींनी श्रीलंकेची सहल ठरवली, आठ दिवसांची. माझं मन होईना. आईच मागे लागली, जा म्हणाली, मी काय पाळण्यात हाय का. मी होकार दिला आणि त्या दिवसापासून माझी झोप कमी झाली. पासपोर्टची भीती नव्हती, विमानाची नव्हती. रात्रंदिवस एकच प्रश्न होता, तिथे फोनचं काय.

मी चौकशी केली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाईलचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, मॅडम, जाण्याआधी रोमिंगचा पॅक टाका, आहे तोच नंबर तिकडे चालेल, पाच मिनिटांचं काम आहे. मला वाटलं हा पॅक खपवतोय. कुणी आपल्या भल्याचं सांगायला लागलं की मला पहिला संशय येतो, हा कचेरीतला रोग आहे. मी म्हटलं, राहू दे, तिथे विमानतळावरच सिमकार्ड मिळतं, नेट पण जोरात चालतं, सगळे तेच करतात. माझ्या फोनची दुसरी खाच कधीची बिघडलेली, म्हणजे एक कार्ड काढूनच दुसरं घालायचं. घालू की, त्यात काय.

निघायच्या आदल्या दिवशी आईला समोर बसवून सांगितलं, की आठ दिवस तू भोंगा द्यायचा नाहीस, सातच्या ठोक्याला मीच फोन करणार, तू उचलायचा, दोन शब्द बोलायचे आणि खायला बसायचं. तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. शेजारणीकडे मोठा फोन आहे, तिचा व्हॉट्सअप नंबर घेतला. काही लागलं तर तिला कळवीन. एवढी व्यवस्था लावल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं.

कोलंबोला दुपारी उतरलो. काउंटरवरच्या मुलीनं तिथलं कार्ड घालून दिलं. आपलं कार्ड मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटपट्टीनं चिकटवलं आणि शेजारणीला मेसेज टाकला, पोचले, आईला सांगा. तिच्याकडून हात जोडल्याचं चित्र आलं. आपल्याकडे कुणी हात जोडले की काम झालं असंच आपण धरतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सातला हॉटेलच्या अंगणात उभी राहून मी आईला फोन लावला. वाजला, वाजला आणि थांबला. संडासात असेल म्हटलं. सात वाजून पाच मिनिटांनी लावला. दहा मिनिटांनी लावला. सव्वासात झाले आणि माझा हात सवयीनं पर्समध्ये स्कूटरची किल्ली शोधायला गेला. किल्ली सोलापुरात होती.

साडेसातला शेजारणीला व्हॉट्सअपवर फोन केला. तिनं उचलला, पण मागे सनई आणि बँड, एक शब्द कळेना. ती विणकरांच्या घरातली. तिचे निम्मे नातेवाईक तेलंगणात आहेत, आणि ती परवापासून तिकडेच लग्नाला गेलेली. मग तो कालचा मेसेज? तर तिला वाटलं, मी सुखरूप पोचल्याचं सगळ्यांना कळवतेय, म्हणून तिनं नमस्कार केला. म्हणजे मी पोचले हेसुद्धा आईला माहीत नव्हतं. शेजारीण बिचारी घाबरली. गिरणीवाल्या बाईंचा नंबर घरच्या वहीत आहे, कुणाला तरी विचारून पाठवते, असं म्हणाली आणि बँडमध्ये बुडून गेली. कचेरीतल्या एका सहकाऱ्याला लावला. तो सुट्टीला गावी, उजनीच्या पाण्याकाठी केळीच्या बागेत उभा होता. तिथून कुंभारी गाठायला त्याला दुपार झाली असती. तरी निघतो म्हणाला. मी नको म्हणाले नाही.

आठला बस निघाली. खिडकीशी बसून मी पुन्हा आईला लावला. फोन नुसता वाजत होता, आणि तो कानाशी धरून असताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा नंबर तिथला आहे. माझ्या नावानं तिच्या फोनमध्ये नाही. तिकडे आत्ता कोंबडा आरवत नाहीय, ट्रिंग ट्रिंग वाजतंय.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. आमच्याकडे मी स्वतःच्या हातानं कोंबडं झाकलं होतं आणि आईचं उजाडायचं थांबलं होतं.

क्षणभर हायसं वाटलं. आई बरी आहे, फक्त उचलत नाही. पण ते क्षणभरच. बरी असली तरी तिनं सातला सुई टोचून घेतलेली असणार, आणि फोनवर बोलल्याशिवाय ती खाणार नाही. मीच तसं दोनदा वदवून घेतलं होतं. शिवाय ती खरंच बरी आहे का, हे इथून कसं कळणार? उंबऱ्यात पडलेल्या माणसाचा फोन आणि हट्टानं न उचललेला फोन, दोन्ही कानाला सारखेच वाजतात.

मग मी वही काढली, चिकटपट्टी नखानं सोलली आणि चालत्या बसमध्ये कार्ड बदलायला घेतलं. ते बोटाच्या पेराएवढं कार्ड दोनदा सीटखाली पडलं. शेजारी विहारातल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी ते पदरानं पुसून दिलं. आपलं कार्ड घातलं तर रेंजच्या जागी फुली. रोमिंग चालू करायला कंपनीचं ॲप उघडावं लागतं, म्हणून शिक्षिकाबाईंच्या फोनवरून नेट घेतलं. ॲप म्हणालं, तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. माझ्या नंबरवर! जो चालू करायचा तोच नंबर. किल्ली घरात ठेवून कुलूप लावल्यासारखं झालं. त्या दुकानदाराचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पाच मिनिटांचं काम, मॅडम.

पुन्हा तिथलं कार्ड घातलं तोवर बस झाडीत शिरली आणि रेंज गेली. सगळ्यांचीच गेली. बाकीच्यांना त्याचं काही नव्हतं, ते पुढच्या स्तूपाची माहिती ऐकत होते. आमच्या सहलीचे प्रमुख माइकवरून सांगत होते, की दुःखाचं मूळ आसक्तीत आहे. एरवी मी मान डोलावली असती. त्या दिवशी मला तो माइक हिसकावून घ्यावासा वाटला. शिक्षिकाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, श्वासाकडे लक्ष द्या. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. पावणेनऊ. नऊ. सुई टोचून दोन तास. साखर उतरताना आईला आधी घाम येतो, मग हात कापतात, मग ती असंबद्ध बोलायला लागते आणि मग बोलत नाही. हे सगळं मी दर पाच मिनिटांनी मनात क्रमानं पाहत होते. मला वाटलं, मी बुद्धाला भेटायला आले आणि आईला मारून बसले.

सव्वानऊला बस चहासाठी थांबली. टपरीवजा हॉटेल होतं. गल्ल्याच्या मागे पुठ्ठ्यावर वायफायचा पासवर्ड लिहिलेला. मी चहा न घेताच तो टाकायला लागले. घाईत तीनदा चुकला. मालकानं माझ्याकडे पाहिलं, फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः टाकून दिला. नेट आलं आणि फोन थरथरायला लागला. आमच्या विहाराच्या ग्रुपवर सकाळच्या शुभेच्छा. कमळं, सूर्योदय, वाफाळते कप. एकामागून एक ती कमळं ढकलत मी खाली गेले, आणि सगळ्यांच्या तळाशी शेजारणीचा मेसेज सापडला. गिरणीवाल्या बाईंचा नंबर.

मी त्यावर व्हिडिओ कॉलच लावला. त्यांनी उचलला तेव्हा गिरणी चालू होती. मी ओरडत होते, त्या ओरडत होत्या. शेवटी त्यांना दोनच शब्द पोचले, आई आणि सुई. खटका पाडल्याचा आवाज आला आणि गिरणी हळूहळू गप्प झाली. निघाले, म्हणाल्या. फोन कट करू नका, असं मी म्हटलं. त्यांनी तो तसाच हातात धरून चालायला सुरुवात केली, आणि मला पडद्यावर त्यांची पिठानं पांढरी झालेली चप्पल, रस्ता, पुन्हा चप्पल असं दिसत राहिलं. कुंभारीचा तो रस्ता मला पाठ आहे. तरी तो इतका लांब कधी वाटला नव्हता.

मग उंबरा दिसला. तो रिकामा होता. आत, भिंतीला टेकून आई बसली होती. मांडीवर फोन, समोर ताटली झाकलेली. गिरणीवाल्या बाईंनी फोन तिच्यासमोर धरला आणि मला तिचं नुसतं कपाळ दिसलं. कपाळावर घाम होता.

मी पहिल्यांदा बाईंना साखर घाला म्हटलं, बोलणं नंतर. त्यांनी फोन फडताळावर उभा केला आणि पेल्यात साखर ढवळली. मला फडताळावरून आईचा कापणारा हात दिसत होता, पेला दातावर वाजलेला ऐकू येत होता. पेला संपला. नंतर गुळाचा खडा. असा किती वेळ गेला ते माहीत नाही. टपरीवर आमची सगळी मंडळी माझ्याभोवती गोळा झाली होती. मग आईनं पदरानं कपाळ पुसलं आणि फोनकडे नीट बघितलं.

"पोचलीस व्हय," ती म्हणाली.

आता मला राग आला. भीती संपली की मला नेहमी राग येतो. मी विचारलं, "सकाळपासून लावतेय. मी असेन असं वाटलं नाही का तुला?"

"वाटलं की. दुसऱ्याच खेपंला वळखलं. इतक्या येळा मला कोन लावतंय?"

"मग उचलला का नाहीस?"

आईनं गिरणीवाल्या बाईंकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "तूच शपथ घातली हुतीस न्हवं. कोंबडा नसताना उचललास तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हनली हुतीस."

मला आठवेना. खरंच आठवेना. मग हळूहळू ते स्वयंपाकघर आठवलं, मी तावातावानं हात नाचवत उभी, ती चुलीपाशी मान खाली घालून. म्हटलं असेन. नक्कीच म्हटलं असेन. आमच्या घरात नवस नाही, उपास नाही, दृष्ट काढणं नाही. विहारात बायकांना गंडेदोऱ्यांवरून बोल लावणारी मी, आणि मी माझ्या आईला माझ्याच मरणाची शपथ घातली होती. बोलून विसरलेही होते. ती विसरली नव्हती.

मी कसंबसं म्हटलं, आई, आपण असल्या शपथा मानतो का.

"मी न्हाय मानत," ती म्हणाली. "पर तू तितं परक्या मुलखात, समुद्राच्या पल्याड. उचलला आन् तू न्हाय निघालीस, दुसराच कोनतरी निघाला, तर? इषाची परीक्षा कोन घेतंय?"

म्हणजे ती अडीच तास तशीच बसून होती. सुई टोचलेली, पोट रिकामं, ताटली झाकलेली. मांडीवर फोन वाजत होता. तो माझाच आहे हे तिला कळत होतं, आणि मला काही होऊ नये म्हणून ती उचलत नव्हती. तिच्या हाताला कापरं भरलं असेल तेव्हाही तिनं उचलला नाही. मला हुंदका आला. टपरीवाल्यासमोर, सगळ्या मंडळींसमोर, मी पदरात तोंड घालून रडले.

आई तिकडून बघत होती. म्हणाली, "रडतीस कशाला? सुटली म्हन की."

लहानपणी वसाहतीत आम्ही उठता-बसता एकमेकींना शपथा घालायचो. जिनं घातली तिनंच सुटली म्हटल्याशिवाय ती उतरत नसे. पन्नाशी ओलांडलेली मी, परदेशातल्या चहाच्या टपरीवर, डोळे पुसून म्हणाले, सुटली.

पडद्यावर आईचं तोंड अर्धवट थिजलं होतं. वायफाय अडकलं होतं. थोड्या वेळानं ती हलली. "आवाज न्हाय आला. परत म्हन."

"सुटली," मी ओरडले. "सुटली, सुटली, सुटली."

सगळी टपरी वळून बघायला लागली. शिक्षिकाबाईंनी मान खाली घातली, बहुतेक हसू लपवायला. आईनं मान हलवली आणि गिरणीवाल्या बाईंना म्हणाली, आता ह्यो बंद करा. मग मला म्हणाली, तुझ्या त्या दुसऱ्या नंबरवरनं लाव, बघू.

टपरीबाहेर रेंजची एक काडी मिळाली, तिथून मी लावला. तिकडे ट्रिंग ट्रिंग वाजत असणार. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिनं उचलला आणि काही बोलली नाही. मी हॅलो हॅलो करत राहिले, आई, ऐकू येतंय का, आई. तिच्या तोंडात भाकरीचा घास होता, आणि ती तो नीट चावून खात होती.